जुलैत लावलं, मे महिन्यात कोणी पाहिलं?

वाशिम जिल्ह्यात 1 जुलै ही तारीख फार गर्दीची आहे. वसंतराव नाईकांचा जन्म याच तारखेचा. 1913 साली, शेजारच्या पुसदजवळ, गहुलीत ते जन्मले आणि राज्यभर हा दिवस कृषी दिन म्हणून साजरा होतो. अकोल्यातून वेगळा निघून वाशिम जिल्हा झाला तोही 1 जुलैलाच, 1998 मध्ये. राज्य सरकारने एका दिवसात दोन कोटी झाडं लावण्याचा घाट घातला, तो 2016 च्या 1 जुलैला. आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, ती 1 जुलै 2022 पासून. एवढी निमित्तं एकाच दिवशी जमून आल्यावर मानोरा, मंगरूळपीर, दिग्रस, पुसद या पट्ट्यातल्या कॉलेजांत त्या दिवशी काय चाललेलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. ऑफिसच्या खिडकीशी प्रवेशाची रांग, मैदानाच्या कडेला खणून ठेवलेले खड्डे, हारतुरे, एका रोपाला धरलेले सात-आठ हात आणि समोर फोटो काढणारा मोबाइल.

रोपाचा खरा पेपर मात्र एप्रिल-मे महिन्यांत असतो.

तोवर वर्ग रिकामे झालेले असतात. मार्चपासून परीक्षांची धांदल, मग पेपर तपासणी, मग सुट्ट्या. पारा बेचाळीसच्या वर, कॉलेजच्या बोअरला तासाभरात हवा येऊ लागलेली, शिपाईमामांकडे कुलपांच्या किल्ल्या आणि दहा कामं. कुंपण कुठेतरी वाकलेलं असतं आणि त्या वाकातून आत कसं यायचं हे गावातल्या शेळ्यांना नेमकं ठाऊक असतं. जूनमध्ये कॉलेज उघडतं तेव्हा खड्डे जागेवर असतात, काड्याही असतात. पुढच्या 1 जुलैला बऱ्याचदा तेच खड्डे पुन्हा उपयोगी पडतात.

पर्यावरणपूरक परिसर, हरित महाविद्यालय, शाश्वत विकास अशा मोठ्या नावांखाली जे काही चालतं, त्याची या भागातली सगळ्यात मोठी अडचण पैसा नाही, इच्छा नाही, जागृतीही नाही. अडचण कॅलेंडरची आहे. पावसाचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष एकमेकांकडे पाठ करून चालतात. जिथे कोणी या दोन वर्षांची सांगड घातली, तिथे काम उभं राहिलं. बाकी ठिकाणी फायली उभ्या राहिल्या.

हे समजून घ्यायला पोहरादेवीसारखी जागा नाही. मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबा देवीचं मंदिर इथे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून तर लोक येतातच, पण तेलंगण, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेशातूनही येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि तोवर बंजारा समाजाबाहेर फारसं न ऐकलेलं हे नाव देशभरच्या बातम्यांत आलं. भोवताली टेकड्या, त्यांवर साग आणि पळस, सखल भागात काळी जमीन आणि तिच्यात सोयाबीन-तूर. पावसाळ्यात हा मुलूख इतका हिरवा दिसतो, की इथे पाण्याची वानवा असेल यावर परगावचा माणूस विश्वास ठेवणार नाही. त्याला मे महिन्यात पुन्हा बोलवावं.

बंजारा समाजाला पाण्याचं महत्त्व वेगळं शिकवावं लागलं नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या लमाणांच्या तांड्याला पुढचा मुक्काम कुठे, हे पाणी आणि चारा पाहूनच ठरवावं लागे. मध्य प्रदेशातल्या सागर शहराचा मोठा तलाव आजही लाखा बंजाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. एक दिवस वाटीभर पाण्यालाही रुपया मोजावा लागेल, असं सेवालाल महाराज सांगून गेल्याचं तांड्यातांड्यांतून सांगितलं जातं. यात्रेत विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं की तो भाव केव्हाच मागे पडल्याचं कळतं.

महाराष्ट्राच्या जलसंधारणाचा राजकीय इतिहासही याच टापूत येऊन थांबतो. 1972 च्या दुष्काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दुष्काळी कामांवर लाखो हात लागले आणि त्यांतून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती हे शब्द खेडोपाडी पोचले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि 1992 मध्ये राज्यात जलसंधारणाचं स्वतंत्र खातं सुरू झालं. 10 मे 2001 रोजी सुधाकरराव गेले. त्यांच्या आठवणीत 10 मे हा जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. दिवस अगदी योग्य आहे, कारण पावसाला महिना उरलेला असतो आणि चर खणायला, गाळ काढायला हाच काळ. फक्त कॉलेजला त्या दिवशी सुट्टी असते.

पर्यावरण हा विषय कॉलेजात आला तो कोर्टाच्या रस्त्याने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर द्यायला सांगितलं. बरीच वर्षं फारसं काही झालं नाही, तेव्हा 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो कला शाखेचा असो की वाणिज्यचा, पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. त्यासाठीचं पाठ्यपुस्तक विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण संस्थेचे डॉ. एरक भरुचा यांच्याकडून लिहून घेतलं. पुस्तक चांगलं आहे. जवळची नदी, टेकडी, गवताळ रान पाहून यावं आणि त्यावर लिहावं, अशी त्यात अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पर्यावरणाचा प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. मुखपृष्ठावर पृथ्वीचं चित्र, आत ओझोनचा थर. अरुणावती किंवा अडाण नदीचं नाव त्यात शोधून सापडत नाही. या नद्या याच मुलखातल्या, दोन्हींवर धरणं आहेत, आणि त्या धरणांचं पाणी घरी-शेतात वापरणारी मुलं वर्गात बसलेली असतात!

त्यानंतर नॅक आली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी ही संस्था 1994 मध्ये स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी सातव्यात ऊर्जा, पाणी, कचरा, हिरवा परिसर यांची विचारणा असते आणि हरित लेखापरीक्षणाचा अहवाल मागितला जातो. याचा फायदा झाला हे मान्य करायला हवं. ज्या कॉलेजांत कचरापेटी नव्हती तिथे दोन रंगांच्या पेट्या आल्या, छतावरच्या पाण्याला पाइप लागले, ट्यूबलाइट जाऊन एलईडी आल्या. तोटाही तिथेच आहे. समिती येण्याच्या आदल्या महिन्यात गांडूळखताचा हौद बांधला जातो, त्यावर पाटी लागते आणि समिती गेल्यावर गांडुळं आपापल्या वाटेने जातात. हौद कोरडा पडतो. अहवालात ‘होय’ या रकान्यापुढे खूण असतेच.

आता, ज्यांनी हे काम खरोखर केलं त्यांच्याकडे पाहू. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी सुरू झालं. शहराबाहेरच्या सागरमाळावर त्याला 853 एकर जागा मिळाली. माळ म्हणजे नावाप्रमाणे माळच होता. तिथे पाणी अडवत, तळी आणि विहिरी करत, झाडं लावत परिसर उभा राहिला आणि विद्यापीठ पाण्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी स्वतःच्या पायांवर आलं. त्याची परीक्षा झाली ती दुष्काळात नव्हे, पुरात. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर पाण्याखाली गेलं, शहराची उपसा केंद्रं बुडाली. चारी बाजूंना पाणी आणि नळाला थेंब नाही अशी अवस्था झाली. तेव्हा विद्यापीठाच्या आवारातलं पाणी टँकरने शहरात गेलं. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या पर्यावरणविषयक कामाचा याहून सरळ पुरावा कुठल्या अहवालात बसणार?

जळगावचं उदाहरण विदर्भाला जास्त जवळचं वाटेल, कारण तिथलं ऊनही तसंच आहे. 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाला, गिरणाकाठच्या उघड्या टेकड्यांवर सुमारे साडेसहाशे एकर जागा मिळाली. तिथे आधी उतारावर पाणी अडवलं गेलं आणि त्याच्या जोरावर झाडं वाढली. पुढे या कामाला केंद्र सरकारचा इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. झाडं लावून पाऊस येईल याची वाट पाहिली नाही. पाणी मुरवलं, मग झाडं लावली.

यावर मानोऱ्याचा किंवा मंगरूळपीरचा एखादा प्राचार्य लगेच म्हणेल, “साहेब, त्यांच्याकडे आठशे एकर आहेत. आमच्याकडे दहा.” बरोबर आहे. पण दहा एकरांचा हिशेब कोणी मांडून पाहत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला, तर दहा एकरांवर सव्वातीन कोटी लिटरच्या आसपास पाणी पडतं. इमारतीचं छप्पर हजार चौरस मीटरचं असेल आणि त्यावरचं ऐंशी टक्के पाणी पाइपातून खाली आलं, तरी ते सहा लाख चाळीस हजार लिटर होतं.

आता रोपांकडे वळू. आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी, असं मार्च ते मे या तेरा आठवड्यांत एका रोपाला दोनशे साठ लिटर लागतं. शंभर रोपांना सव्वीस हजार. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट खोल अशा एका बंदिस्त टाकीत अठ्ठावीस हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे छपरावरच्या पाण्याचा विसावा हिस्सासुद्धा साठवला, तर शंभर झाडांचा उन्हाळा निघतो. पाचशे रोपं लावून चारशे ऐंशी मारण्यापेक्षा शंभर लावून नव्वद जगवणं स्वस्त पडतं. फोटोत मात्र पाचशेचा आकडा चांगला दिसतो, ही गोष्ट निराळी.

टाकीत न मावणारं पाणी जमिनीत मुरवायचं असतं, आणि इथे वाशिमच्या जमिनीचा स्वभाव कळावा लागतो. हा सगळा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. वर काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. काळी माती पहिल्या पावसात भेगांतून पाणी पिते, मग फुगते आणि तोंड मिटून घेते. त्यानंतरचं पाणी वरच्या वर वाहून जातं. म्हणून शोषखड्डा चार फूट खणून त्यात विटांचे तुकडे टाकले की काम झालं, असं इथे होत नाही. काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जावं लागतं. त्यात खाली मोठे दगड, वर गिट्टी, त्यावर वाळू असे थर द्यावे लागतात आणि दर मे महिन्यात वरची गाळाने भरलेली वाळू काढून धुवावी लागते. पुन्हा मे महिनाच! बांधताना सगळे हजर असतात. वाळू धुवायला कोणी नसतं. दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा बुजतो आणि ‘आपल्याकडे जलपुनर्भरण चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

कॉलेजच्या भिंतीबाहेरचं काम राष्ट्रीय सेवा योजनेकडे असतं. रासेयो 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली, तेव्हा देशातली 37 विद्यापीठं आणि चाळीस हजार मुलं तिच्यात होती. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचं आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांच्या शिबिरात राहायचं, अशी तिची मांडणी आहे. वऱ्हाडातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं टिकाव-फावडं धरलं ते याच शिबिरात. आणि शिबिरातलं सगळ्यात लाडकं काम म्हणजे वनराई बंधारा.

मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव रूढ झालं. सिमेंटची आणि खताची रिकामी पोती गोळा करायची. नाल्यातलीच माती-वाळू त्यांत भरायची, पण तोंडापर्यंत नाही. दोन तृतीयांश भरलेलं पोतं नीट बसतं, ठासून भरलेलं घरंगळतं. सुतळीने किंवा दाभणाने तोंड शिवायचं. जागा निवडताना काठ घट्ट आणि पात्र अरुंद पाहायचं. पहिला थर लावण्यापूर्वी तळातली सैल वाळू खरवडून काढायची, नाहीतर पाणी पोत्यांखालून निघून जातं. मग वीटकाम करतात तशी पोती सांधे चुकवून रचायची, तळाला रुंद आणि वर निमुळती. वरच्या अंगाच्या फटींत चिकण माती तुडवून भरायची. हे तुडवण्याचं काम मुलांना फार आवडतं, कारण त्यात चिखलात नाचण्याची अधिकृत परवानगी असते. दुपारी जेवायला बसेपर्यंत पाणी वीतभर चढलेलं असतं, आणि संध्याकाळी गावातली दोन-चार म्हातारी माणसं काठावर येऊन ‘इकडून गळते पाहा’ असं बोट दाखवून जातात. त्यांचं बोट बहुतेक वेळा बरोबर जागी असतं.

बंधाऱ्याला खर्च जवळजवळ नाही. काही आठवडे पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो, हरभऱ्याला एखादं जास्तीचं पाणी मिळतं, गुरांची सोय होते. पुढच्या पुरात पोती वाहून जातात. हरकत नाही, तेवढ्यासाठीच ती असतात.

फक्त तो बांधायचा असतो ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस संपून नाला वाहता असताना. शिबिरं भरतात डिसेंबर-जानेवारीत, दिवाळीची सुट्टी आणि हिवाळी परीक्षा आटोपल्यावर. वाशिमच्या टेकड्यांमधले बरेचसे लहान नाले तोवर आटलेले असतात. मग कोरड्या पात्रात सुबक बंधारा उभा राहतो, त्याच्यावर कॉलेजचं नाव लागतं, सरपंच नारळ फोडतात, आणि त्याच्या एका बाजूला जेवढी वाळू असते तेवढीच दुसऱ्या बाजूला. शिबिराची तारीख बदलणं अवघड असेल तर 120 तासांच्या नियमित कामातले दोन रविवार ऑक्टोबरात काढता येतात. ज्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना शेतीची सवय आहे, ते हे कोणी न सांगता करतात.

हीच गोष्ट पालापाचोळ्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो, सागाची मोठी पानं वाळून पडतात, करंज-पिंपळाचा सडा पडतो. परीक्षेसाठी आवार स्वच्छ दिसायला हवं म्हणून तो एका कोपऱ्यात लोटून पेटवून दिला जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांना ओला-कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पाच हजार चौरस मीटर म्हणजे सव्वा एकर. जवळपास प्रत्येक कॉलेज त्यात आलं. पण नियम बाजूला ठेवू. मार्चमध्ये जो पाला जाळला, तोच एप्रिलमध्ये रोपाच्या आळ्यात चार बोटं जाड पसरला असता, तर आळ्यातलं पाणी दोन दिवस जास्त टिकलं असतं. याला शेतकरी आच्छादन म्हणतात. उरलेला पाला तीन फूट खोल खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन ओलसर ठेवला, अधूनमधून खाली-वर केला, की चार-पाच महिन्यांत खत होतं. सागाचं पान जरा हट्टी. त्याला वेळ लागतो. हे खत जुलैच्या खड्ड्यांत जातं. राखेने यातलं काहीच साधत नाही.

पाणी घालायच्या युक्त्याही गावातल्याच आहेत. तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरतात. दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या रिकाम्या बाटल्या काठीला उलट्या टांगून थेंबथेंब पाणी सोडतात. दिसायला हे फार शोभिवंत नसतं, एखाद्या वॉर्डात झाडं दाखल केल्यासारखं वाटतं, पण चार दिवसांच्या गैरहजेरीत रोप तगून राहतं.

झाड कोणतं लावायचं, हाही प्रश्न आहे. गुलमोहर मूळ मादागास्करचा. तो लवकर वाढतो, सुंदर फुलतो आणि वादळात लवकर मोडतो. सुबाभूळ, नीलगिरी, रेन ट्री यांचंही कॉलेजांशी जुनं सख्य. पोहरादेवीच्या टेकड्यांवर पळस, बेल, मोह, आवळा, धावडा, बिबा, चिंच, उंबर ही मंडळी कोणाच्या भाषणाशिवाय उभी आहेत. रोपवाटिकेत त्यांची रोपं मिळतात, पण वाढ सावकाश. नॅकचं चक्र पाच वर्षांचं आणि मोहाला फुलायला त्याहून जास्त काळ लागतो. इथेही पुन्हा दोन कॅलेंडरांचीच गाठ.

या सगळ्या ओढाताणीत एक गोष्ट मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकाला चपखल बसते, ती म्हणजे सौरऊर्जा. छतावरची एक किलोवॉटची यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते. दहा किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट सावली नसलेलं छत लागतं. कॉलेज चालतं दिवसा, वीज लागते दिवसा आणि ऊनही दिवसाच असतं. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वर्ग बंद असताना ऊन सगळ्यात जास्त. ती वीज नेट मीटरिंगमधून महावितरणच्या जाळ्यात जाते आणि बिलातून वजा होते. झाडाला जो मे महिना मारतो, तोच पॅनेलला मानवतो. काम उरतं धूळ पुसण्याचं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यातल्या वावटळीनंतर पॅनेलवर एवढा थर बसतो, की महिन्याभरात वीज घटलेली दिसते. तरीही, रोज पाणी मागणाऱ्या रोपांपेक्षा महिन्यातून दोनदा फडकं मागणारं हे काम सोपं, आणि ज्या संस्थाचालकांना पर्यावरणात रस नसतो त्यांना वीजबिलात असतोच.

वाशिमसह अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी सुरू झालं. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या आणि मगच कीर्तनाला उभं राहणाऱ्या माणसाचं नाव त्याला मिळालं आहे. विद्यापीठाचा परिसर अमरावतीच्या कडेला, पोहरा-चिरोडीच्या जंगलाला लागून आहे. झाडी वाढली, पाणी राहिलं, आडोसा मिळाला. बिबट्या आवारात दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि वसतिगृहातल्या मुलांना रात्री एकटं फिरू नका अशा सूचना निघतात. हिरवा परिसर म्हटल्यावर लोकांच्या मनात लॉन आणि कारंजं येतं. खरोखर हिरव्या परिसरात डुकरं, साप, मोर येतात आणि त्यांच्या मागावर बाकीचेही येतात. त्यासाठी रस्त्यावर दिवे, कचऱ्यावर झाकण, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त आणि वनखात्याशी बोलणं ठेवावं लागतं. हा अभ्यासक्रम कुठल्याच सत्रात नाही.

पोहरादेवीच्या परिसरातल्या कॉलेजांना मात्र एक संधी आहे जी कोल्हापूरला नाही की जळगावला नाही. रामनवमीला त्यांच्या दाराशी लाखोंनी माणसं येतात. लोक जेवतात, पाणी पितात, निवद दाखवतात, परत जातात आणि मागे पाण्याच्या बाटल्या, पाउच, चकचकीत लेप दिलेल्या पत्रावळी उरतात. राज्यात 2018 पासून आणि देशात 2022 पासून यातल्या काही वस्तूंवर बंदी आहे, पण यात्रेच्या गर्दीत बंदी वाचायला वेळ कोणाला? भोवताली पळसाचं रान असलेल्या मुलखात जेवण पळसाच्या पानांवर व्हावं, ही काही परदेशी कल्पना नाही. पन्नास वर्षांपूर्वी दुसरं काही नव्हतंच. पत्रावळी लावणाऱ्या बायकांचे बचत गट, पाण्याचे माठ आणि टाक्या, आणि ओला-सुका वेगळा करायला उभी राहिलेली दोनशे मुलं, एवढ्या भांडवलावर बरंच होईल. यात्रेतला ओला कचरा खतासाठी आजूबाजूच्या शेतांत जाऊ शकतो. अडतं ते पुन्हा तारखेशी. रामनवमी 2024 मध्ये 17 एप्रिलला आली, 2025 मध्ये 6 एप्रिलला. उन्हाळी परीक्षांच्या तोंडावरचे हे दिवस. विद्यापीठाने यात्रेतल्या कामाचे तास श्रेयांकात धरले आणि तेवढे तीन दिवस पेपर पुढे-मागे केले, तर स्वयंसेवकांची कमतरता पडणार नाही. निवडणुकांसाठी वेळापत्रक हलतं, तसं यात्रेसाठीही हलू शकतं.

खर्चाशिवाय आणि वेळापत्रकाशी न भांडता होणारं एक काम मात्र आत्ताही सुरू करता येतं. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात आणि भारतात त्याच दिवसांत कॉलेजांची आवारं मोजण्याचा उपक्रम चालतो. सकाळी पंधरा मिनिटं आवारात उभं राहायचं, दिसेल तो पक्षी नोंदवायचा आणि मोबाइलवरून ई-बर्डवर टाकायचा. परीक्षा अजून लांब असते, पळस फुलू लागलेला असतो आणि त्यावर मैना, कोतवाल, शिंजीर यांची झुंबड असते. 2025 मध्ये हे दिवस 14 ते 17 फेब्रुवारी असे होते. त्यांतला 15 फेब्रुवारी म्हणजे सेवालाल जयंती; त्या दिवशी या पट्ट्यातल्या प्रत्येक कॉलेजात कार्यक्रम असतोच. प्रतिमापूजन दहा वाजता ठेवलं, तर पक्ष्यांसाठी सकाळचे सात ते नऊ मोकळे राहतात.